दोन रिपोर्ट आणि तिसरी नीट

ऐरोलीच्या एका आईंचं पत्र आहे. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. मध्यंतरी मावशीचं अकरा दिवसांचं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. पहिल्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, क्लेब्सिएला हा जंतू सापडला, औषधाला दाद देणारा. चार दिवसांनी पुन्हा क्लेब्सिएलाच, पण त्याच औषधाला न जुमानणारा. बाळ सुखरूप घरी आलं. मुलीच्या डोक्यातून मात्र एक प्रश्न जाईना : बाळाच्या रक्तात दोन वेगळे जंतू होते का? आई विचारतात, तिसऱ्यांदा नीट द्यावी का? की डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करावा?

ताई, बाळ घरी आलं हे वाचून जीव भांड्यात पडला.

तिसरी नीट नको, असं माझं मत आहे. लेकीचा प्रश्न वॉर्डापेक्षा लॅबमधला आहे, आणि फार मोलाचा आहे. नवजात बाळाचं जेमतेम एक मिलिलिटर रक्त कल्चरला मिळतं. त्यात एकाच जंतूचे दोन स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार असले, तर जोमाने वाढणारा दुसऱ्याला झाकून टाकू शकतो. जंतू वाढवायच्या प्लेटवर दोघांच्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, सारख्याच दिसतात आणि जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचायला बहुतेकदा एकच कॉलनी उचलतात. दुसरा तिथेच सुटतो. पण रिपोर्ट बदलला म्हणजे स्ट्रेनही बदलला, असंही नाही. पहिल्याच जंतूला प्लाझ्मिडमधून, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यातून, औषधाच्या प्रतिकाराचं जनुक मिळालेलं असू शकतं. खरं काय ते कळायला अनेक कॉलनी उचलून प्रत्येकीचा सुमारे ५५ लाख अक्षरांचा जीनोम ताडून पाहावा लागतो.

त्यासाठी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करू द्या. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणं गाठलं की बांदोडकर कॉलेज आहेच. पुढे एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, मग पीएच.डी. वाट लांब आहे, पण नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर दरमहा ३७ हजारांची फेलोशिप असते. संख्याशास्त्र आणि पायथन आतापासून शिकू द्या. जीनोम संगणकावरच ताडतात. डीएमएलटीने नोकरी लवकर लागेल, पण हा प्रश्न हाती येणार नाही.

एक मात्र तिला विचारा : पेशंटच्या डॉक्टरांशी बोलून उपचार ठरवण्यात भाग घ्यायचा आहे का? तसं असेल तर एमबीबीएसनंतर एमडी मायक्रोबायोलॉजी हीच वाट, आणि मग तिसऱ्या नीटचा विचार करता येईल.

मावशींची हरकत नसेल तर दोन्ही रिपोर्टच्या प्रती मागून घ्या. कोणत्या तारखेला कोणत्या औषधाला जंतूने दाद दिली, हे तिला वहीत शेजारी शेजारी मांडू द्या. ती वही घेऊन दोघी भेटायला या.