खाली दहाव्या मात्रेवर ऐकू आली तर? संगीताच्या शालेय चाचणीविषयी प्रश्नोत्तरे

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांची श्रवणक्षमता आणि संगीतशास्त्राचे ज्ञान कसे तपासावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे. मुलांना लेखी परीक्षेत भरघोस गुण मिळतात, पण तोच राग प्रत्यक्ष कानावर पडला की ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांसाठी अतिरिक्त गुण धरले जाऊ लागल्यापासून व्याख्या पाठ करून घेण्याचा उत्साह आणखी वाढलेला मी पाहतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: जे शास्त्र कानाने पडताळता येते, ते या वयात कानानेच विचारावे, उरलेले थोडे कागदावर विचारले तरी चालेल.

प्रश्न : नववीच्या वर्गात पंचेचाळीस मुले आहेत, आठवड्याला एक तासिका मिळते आणि पेटी एकच आहे. प्रत्येकाला वेगळे बसवून ऐकवणे शक्य नाही. सगळ्या वर्गाची श्रवणचाचणी एकदम घेता येईल का? (संगीत शिक्षिका, सातारा)

घेता येते, आणि एका तासिकेत आटोपतेही. सर्वांत आधी तानपुरा लावा; मोबाइलवरचा चालेल, पण तो वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा स्पीकरला जोडा आणि चाचणी संपेपर्यंत बंद करू नका. आपल्या संगीतात सा ठरल्याशिवाय कोणत्याही स्वराला नाव मिळत नाही, त्यामुळे तानपुऱ्याशिवाय विचारलेला ‘हा कोणता स्वर?’ हा प्रश्नच मुळात अपुरा असतो. प्रत्येक नमुना दोनदा वाजवा आणि त्यानंतर लिहायला पंधरा सेकंद द्या. सुरुवात दोन स्वरांपासून करून दुसरा स्वर चढा आहे की उतरता, एवढेच विचारा. मग सा नंतर वाजलेला एकच स्वर ओळखायला द्या. त्यानंतर चार स्वरांची एक जागा (छोटा स्वरसमूह) दोनदा वाजवावी, दुसऱ्या वेळी शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार (अर्धा सूर उतरलेला ग) घ्यावा आणि बदल कितव्या स्वरावर झाला ते विचारावे. इथपर्यंतची उत्तरे पर्यायाभोवती गोल करून देता येतात. शेवटचे चार-पाच नमुने मात्र सरगम लिहून घेण्याचे ठेवा.

येथे माझीच एक फजिती सांगतो. एका वर्गाला मी वर्षभर काळी एकचा सा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा सा) धरून शिकवले आणि चाचणीही त्याच सुरात, त्याच पेटीवर घेतली. निकाल इतका चांगला लागला की मलाच शंका आली. पुढच्या आठवड्यात तेच प्रश्न पांढरी चारच्या सुरात विचारले, तेव्हा बरीच मुले अडखळली, कारण त्यांनी सा पासूनचे अंतर ऐकलेलेच नव्हते. माझ्या पेटीवरच्या ठरावीक पट्ट्यांचे आवाज त्यांच्या लक्षात राहिले होते. शिवाय पुढच्या बाकाच्या कडेला बसलेली दोन मुले माझ्या बोटांकडे पाहून उत्तरे लिहीत होती, हेही त्याच दिवशी कळले. तेव्हापासून मी नमुने आदल्या दिवशी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो, वर्गात वापरतो त्यापेक्षा वेगळा सा घेतो आणि निम्मे नमुने पेटीऐवजी गळ्यातून किंवा बासरीवर घेतो.

गुण देण्याबद्दल एक सूचना करतो. समजा आपण ‘प ध नी सां’ (सां म्हणजे वरचा सा) वाजवले आणि मुलाने ‘सा रे ग म’ लिहिले. चारही स्वर चुकले म्हणून शून्य देण्याचा मोह होईल, तो आवरावा. सा-रे-ग-म यांच्यातली अंतरे आणि प-ध-नी-सां यांच्यातली अंतरे पेटीवर तंतोतंत सारखीच आहेत. या मुलाने प्रत्येक अंतर अचूक ऐकले आहे, फक्त त्याचा सा हातातून निसटून पंचमावर जाऊन बसला आहे. त्याला अर्धे गुण द्या आणि समासात ‘सा सुटला’ अशी खूण करा. दुसऱ्या एखाद्या मुलाने ‘प ध म सां’ लिहिले असेल, तर त्याची अडचण अगदी वेगळी आहे. पहिल्याला तानपुऱ्यासमोर बसवायचे असते, तर दुसऱ्याकडून अलंकार (स्वरांचे ठरावीक पलटे) घोटून घ्यायचे असतात.

प्रश्न : परीक्षेत तीनतालाचा, म्हणजे सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालाचा ठेका ऐकवून खाली (टाळीऐवजी हात उघडा दाखवायची जागा) कोणत्या मात्रेवर आहे, असे विचारले होते. माझ्या मुलीने दहावी मात्रा लिहिली आणि तिचे गुण गेले. पुस्तकात नववी आहे हे तिला ठाऊक आहे, पण ‘मला दहाव्या मात्रेवरच ऐकू येते’ असे ती हट्टाने म्हणते. (पालक, नाशिक)

आपल्या मुलीचा कान उत्तम आहे. शास्त्राप्रमाणे उत्तर नववी मात्रा हेच आहे, पण तिने ऐकले तेही खरे आहे, आणि दोष असलाच तर प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्यात आहे. ठेका समोर ठेवून पाहू: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ‘धा’ आणि ‘धिं’ हे बोल दोन्ही हातांनी वाजतात, म्हणजे दायाँवरच्या (उजव्या हाताच्या तबल्यावरच्या) आघातात डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा मिसळलेला असतो. ‘तिं’ आणि ‘ता’ यांत तो घुमारा नसतो. आता तिसरा विभाग पाहा. नवव्या मात्रेवर, जिथे आपण हात उघडा करून खाली दाखवतो, तिथे बोल ‘धा’ आहे. म्हणजे डग्गा अजून घुमतोच आहे. तो गप्प होतो दहाव्या मात्रेवर, तेराव्या मात्रेवरच्या ‘ता’ पर्यंत गप्प राहतो आणि चौदाव्या मात्रेवर परत येतो. थोडक्यात, हाताची खाली नवव्या मात्रेवर आणि कानाची खाली दहाव्या मात्रेवर पडते. तेराव्या मात्रेवर टाळी पडते, पण डग्गा मात्र तिथेही नसतो.

ज्या मुलीने पाठ केलेले उत्तर बाजूला ठेवून ऐकलेले लिहिले, तिला शून्य आणि ज्यांनी ठेका न ऐकताच ‘नववी’ लिहिले, त्यांना पूर्ण गुण, असा हा प्रकार झाला. परीक्षकांनी हा प्रश्न दोन भागांत विचारावा: हाताने टाळी-खाली दाखवणे हा एक भाग आणि डग्ग्याचा घुमारा कोणत्या मात्रेला थांबतो व कोणत्या मात्रेला परततो हे लिहिणे हा दुसरा. नवशिक्या वर्गाला एकच सरळ प्रश्न द्यायचा असेल, तर तीनतालाऐवजी झपताल घ्यावा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. येथे सहाव्या मात्रेवर खालीही आहे आणि ‘ती’ही आहे, त्यामुळे पुस्तक आणि कान यांचे भांडण होत नाही. थोड्या तयारीच्या मुलांना रूपक द्यावा. ती ती ना, धी ना, धी ना या सात मात्रांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, स्वतःच खाली असते आणि डग्गा चौथ्या मात्रेवर प्रथम येतो. ‘ठेका कुठून सुरू झाला?’ असे विचारले की निम्मी मुले चौथ्या मात्रेलाच सम समजतात, आणि तिथून वर्गात जी चर्चा रंगते ती कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवून जाते.

आपण शाळेत जाल तेव्हा उत्तरपत्रिका पुढे करण्याआधी तबल्याच्या शिक्षकांना ठेका सावकाश वाजवण्याची विनंती करा आणि मुलीला बोलू द्या.

प्रश्न : स्वरलेखनाच्या प्रश्नात मुलाने वरच्या सा च्या डोक्यावर उभी रेघ दिली, ती चूक ठरली. बाहेरच्या वर्गात त्याला तसेच शिकवले आहे. बरोबर कोण? (पालक, सांगली)

दोघेही बरोबर आहेत, कारण महाराष्ट्रात दोन लिप्या चालतात आणि त्यांच्या खुणा एकमेकींच्या अगदी उलट पडतात. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या वर टिंब दिले की तो तार (वरच्या) सप्तकातला आणि खाली टिंब दिले की मंद्र (खालच्या) सप्तकातला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत वरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ येते. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर दिली की तो तीव्र मध्यम होतो. सम दाखवायला एकीकडे फुली आणि दुसरीकडे एकचा आकडा, तर खाली दाखवायला एकीकडे शून्य आणि दुसरीकडे अधिकचे चिन्ह. प्रश्नपत्रिकेवर ‘कोणतीही एक पद्धत वापरा आणि तिचे नाव वर लिहा’ ही एक ओळ छापली की हा वाद मिटतो.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा लहानपणापासून गातो. यंदा त्याचा आवाज फुटला आणि प्रात्यक्षिकात तो नापास होता होता वाचला. (पालक, ठाणे)

या वयाच्या मुलग्यांची श्रवणक्षमता गाऊन घेऊन तपासणे अन्यायाचे आहे, कारण कानाला नेमका स्वर कळत असूनही गळा दुसरीकडेच जातो. काल काळी चारला सहज गाणारा मुलगा वर्षभरात काळी एकपर्यंत उतरतो आणि मधल्या काळात त्याला धड कोणतीच पट्टी सोयीची नसते. अशा मुलाला सा स्वतः निवडू द्यावा, सा ते प एवढ्याच टप्प्यातल्या जागा विचाराव्यात आणि ऐकलेला स्वर गळ्याऐवजी पेटीवर दाबून दाखवण्याची मुभा असावी. तार सा लावायला सांगण्याचा आग्रह परीक्षकांनी वर्षभर सोडून दिला, तर शास्त्राचे काही बिघडत नाही.

प्रश्न : दहावीच्या मुलांना ‘राग ओळखा’ या प्रश्नात भूप आणि देशकार द्यावेत का? (वर्गचालक, बेळगाव)

देऊ नयेत. दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर आहेत. फरक चलनात, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यात आहे. भूपात गंधारावर वजन असते आणि वावर पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) असतो, तर देशकारात वजन धैवतावर असते आणि चाल उत्तरांगातली (वरच्या अर्ध्यातली). अर्ध्या मिनिटाच्या नमुन्यात हे वजन ऐकू येण्यासाठी जो मुरलेला कान लागतो, तो पंधराव्या वर्षी नसला तर त्यात कमीपणा नाही. भूपाच्या जोडीला दुर्गा द्यावा. सा रे म प ध म्हटले की गंधाराच्या जागी मध्यम आला, एवढे वर्गातल्या बहुतेकांना ऐकू येते. त्यापुढची पायरी म्हणून भीमपलास आणि बागेश्री ही जोडी मला फार आवडते. दोन्ही काफी थाटातले (थाट म्हणजे स्वरांनुसार केलेला रागांचा गट), दोन्हींत गंधार आणि निषाद कोमल, आणि वादी (मुख्य) स्वरही दोन्हींचा मध्यमच, त्यामुळे पाठांतर येथे उपयोगी पडत नाही. आरोहात मध्यमावरून स्वर पंचमाला जातो की पंचम टाळून धैवताला, हे कान देऊन ऐकावेच लागते.

नमुना म्हणून वर्गात शिकवलेली बंदिश कधीही घेऊ नका. मुले शब्दांवरून राग सांगतात. स्वतः बांधलेला आलाप घ्या. नावाला एक गुण आणि ‘कोणता स्वर किंवा कोणती जागा ऐकून ठरवले?’ याला दोन गुण ठेवा. रागाचा प्रहर, जाती (स्वरसंख्येवरून ठरणारी), थाट हे सगळे माहिती म्हणून असावे, पण रात्रीचा पहिला प्रहर कोणालाही ऐकू येत नाही, एवढे गुण वाटताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : परदेशात तयार प्रमाणित चाचण्या आहेत म्हणतात. त्याच वापरल्या तर? आणि आमच्याकडे काही मुले चर्चमध्ये व्हायोलिन शिकतात, ती पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या ‘सी’ला सा धरून चालतात. त्यांचे काय करावे? (माध्यमिक शिक्षक, मडगाव)

तयार चाचण्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी १९१९ साली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अशी चाचणी काढली. तिच्यात दोन सुटे आवाज ऐकवून कोणता उंच, कोणता मोठा, कोणता जास्त वेळ टिकला, असे विचारले जात असे. कानाची धार तपासायला हे ठीक आहे, पण मागे घुमणाऱ्या सा शी स्वराचे नाते तिच्यात कुठेच येत नाही, आणि आपल्याला नेमके तेच तपासायचे असते. म्हणून पहिल्या दोन-चार प्रश्नांपुरती ती पद्धत उसनी घ्यावी.

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांची मात्र मला काळजी वाटत नाही, कारण लिहिलेले पाहून वाजवण्याची त्यांची सवय वर्गातल्या इतरांपेक्षा पक्की असते. त्यांच्याकडे स्वराला कायमचा पत्ता असतो आणि आपल्याकडे सा जिथे बसेल तिथून घर मोजायचे असते, एवढाच फरक समजावून द्यावा. त्यांना ‘सी’ऐवजी ‘डी’वर सा धरून सा रे ग म वाजवायला सांगा. मध्यमापर्यंत जाण्याआधीच गंधाराला बोट अडते. ‘सी’च्या सवयीने ती शुद्ध ‘एफ’ घेतात आणि कोमल गंधार वाजतो. हसतात, बोट अर्धा सूर पुढे सरकवतात आणि पुन्हा सुरुवात करतात. त्यांची चाचणी त्या दुसऱ्या प्रयत्नानंतर घ्यावी.