छोट्या हेल्थकेअर सॉफ्टवेअर कंपनीने वर्षअखेरीचा आढावा नेमका कशाचा घ्यावा?

तुम्ही म्हणता की दरवर्षी किती फीचर्स दिली आणि किती ग्राहक वाढले याची उजळणी होते, पण पुढच्या वर्षासाठी त्यातून काहीच हाती लागत नाही. मीही अशाच एका छोट्या कंपनीत काम करतो. माझं मत विचाराल तर फीचर्सची यादी बाजूला ठेवा आणि लोक तुमच्या सॉफ्टवेअरला वळसा घालून कामं कशी उरकतात ते शोधा.

सुरुवात 'शेरा'च्या रकान्यापासून करा. असा मोकळा रकाना बहुतेक सिस्टिममध्ये असतो आणि लोक त्यात वाटेल ते कोंबतात. तिथे 'पेनिसिलिन देऊ नये' असं सापडलं, तर अ‍ॅलर्जी नोंदवायचा खरा स्क्रीन कुठेतरी आत दडलाय असं समजा. डॉक्टरांच्या लेखी नोंद झाली. पण औषध लिहिताना सिस्टिम तपासते तो रकाना दुसराच, आणि तो रिकामा. मग अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच गटातलं औषध निवडलं तरी इशारा येणार कुठून?

मग ऑडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याची सिस्टिमने ठेवलेली नोंद, उघडा. एकाच लॉगिनवरून सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही पाळ्यांत नोंदी दिसत असतील, तर त्या सिस्टरांचा पासवर्ड अख्खा वॉर्ड वापरतोय. यावर कडक सूचना काढणं सोपं आहे. पण स्क्रीन दर पाच मिनिटांनी लॉक होत असेल आणि दरवेळी हातमोजे काढून पासवर्ड टाकावा लागत असेल, तर मीही तेच केलं असतं. कार्ड टेकवून लॉगिन करायची सोय त्या सूचनेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट कोणी कागदावर छापून पुन्हा हाताने भरतंय का, तेही बघा. एचएल७ या आरोग्याच्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकातल्या जुन्या संदेशात आकडा ओबीएक्स-५ या रकान्यात येतो आणि एकक ओबीएक्स-६ मध्ये. हाताने भरताना एकक हमखास गळतं. रक्तातल्या ग्लुकोजचं ५.५ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे साधारण ९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, मधे १८ पटींचा फरक. एककाशिवाय नुसता ५.५ पडून असेल तर तो आलेखात काय दिसेल, विचार करा.

इशाऱ्यांचंही तसंच. औषधांबद्दलचे बहुतेक इशारे डॉक्टर न थांबता बंद करतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तेव्हा पुढच्या वर्षी नवे इशारे घालण्याआधी जुन्यांतले निम्मे काढता येतील का ते तपासा. मात्र कोणते काढायचे हे डॉक्टर आणि फार्मासिस्टने ठरवावं, प्रोग्रामरने नव्हे.

एफएचआयआर (एचएल७चंच नवं मानक), आयसीडी-११ (आजारांच्या कोडची जागतिक यादी) यांना वेळ ठेवावा लागेलच. एआयने केसपेपर लिहायचं कामही कोणीतरी मागेलच. मी तरी ते, वरची साफसफाई होईपर्यंत, एका ग्राहकापुरतं ठेवेन.

एक काम मात्र ढकलू नका: बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर खरोखर परत चढवून बघा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला झोडपलं, तेव्हा त्यावरची मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चपासूनच उपलब्ध होती. बऱ्याच ठिकाणी ती लागलीच नव्हती. म्हणून अपडेट कोण लावणार, तुम्ही की रुग्णालय, हे करारात लिहिलंय का तेही याच महिन्यात बघून घ्या.

आणि आढाव्याच्या बैठकीत सपोर्टचे फोन घेणाऱ्याला सगळ्यात आधी बोलू द्या. सेल्सवाल्यांच्या आधी. वरच्यापैकी अर्ध्या गोष्टी त्याला लॉग न उघडताच माहीत असतात.