सफूच्या गरात तेल नेमके किती?

प्रश्न : कॅमेरूनमध्ये ‘सफू’ आणि आग्नेय नायजेरियातील इग्बो भाषेत ‘उबे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फळाच्या गरात एके ठिकाणी २० टक्के, तर दुसरीकडे ५० टक्के तेल असल्याचे वाचले. यांपैकी बरोबर कोणते? शिवाय हे कडक फळ गरम पाण्यात लोण्यासारखे मऊ कसे होते?

उत्तर : दोन्ही आकडे एकाच फळाचे असू शकतात, फरक पडतो तो कोणते वजन धरले यावरून. सफूच्या ताज्या गरात निम्म्याहून अधिक पाणी असते. समजा, १०० ग्रॅम ताज्या गरात ६० ग्रॅम पाणी आहे आणि तो वाळवल्यावर उरलेल्या ४० ग्रॅममधून २० ग्रॅम तेल निघाले, तर ताज्या वजनावर ते २० टक्के आणि शुष्क वजनावर ५० टक्के ठरते. म्हणून ज्या तक्त्यात हा आधार नोंदवलेला नाही, त्यातील आकडा दुसऱ्या फळाशी तुलना करण्यासाठी मुळीच वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय ही झाडे बहुतांशी बियांपासून वाढवली जात असल्याने फळाचा आकार, गराची जाडी आणि तेलाचे प्रमाण झाडागणिक बदलते; शुष्क गरात ते साधारणपणे ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आढळते.

हे फळ डॅक्रिओडेस एड्युलिस या गुग्गुळाच्या कुळातील, गिनीच्या आखातालगतच्या दमट जंगलांतील सदाहरित वृक्षाचे. ते लांबट असून ४ ते १२ सेंटिमीटर भरते. कच्चेपणी गुलाबी असलेली त्याची पातळ, मेणचट साल पिकल्यावर गडद निळी-जांभळी होते. आडवे कापले, तर सालीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीचा फिकट हिरवट गर दिसतो आणि बाकीची सारी जागा मोठ्या बीने व्यापलेली असते. गराला आंबूस चव आणि टर्पेंटाइनची आठवण करून देणारा हलका वास असतो. राळ देणाऱ्या कुळाची ती खूणच म्हणावी लागेल.

या तेलात पामिटिक, ओलीक आणि लिनोलीक ही मेदाम्ले प्रमुख असतात. संपृक्त पामिटिक आम्लाचा वाटा मोठा असल्याने ते पाम तेलाच्या जवळचे आहे, मात्र लिनोलीक आम्ल त्यात सहसा पाम तेलापेक्षा अधिक असते.

मऊ होण्याचे श्रेय पुष्कळदा वितळणाऱ्या तेलाला दिले जाते, परंतु खरा बदल पेशीभित्तींत घडतो. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने सैल होते, त्यामुळे गरम पाण्यात किंवा निखाऱ्यांच्या राखेत काही मिनिटे ठेवलेल्या फळाचा गर बोटाने दाबताच बीपासून सुटतो आणि भाजलेल्या मक्याच्या कणसाबरोबर खाल्ला जातो. तोडलेले फळ तसेच ठेवले, तरी काही दिवसांत ते आपोआप मऊ पडते. ते फार काळ टिकत नसल्याने बाजारात विकणाऱ्यांचे मोठे नुकसान होते, आणि म्हणूनच गर वाळवण्याच्या व तेल काढण्याच्या पद्धतींना तेथे एवढे महत्त्व आहे.