सूत कितव्या काउंटचं?

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या ख्रिस्ती गीतांच्या ग्रुपचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. शेवटच्या वेळी पेटी पुढ्यात घेऊन बसले. तुम्ही सातजण काळी चारला सुरू झालात आणि पांढरी पाचला संपलात. चिडू नकोस, वाद्याशिवाय गाणाऱ्यांचं हे जुनंच दुखणं आहे. खाली उतरताना सूर जरा जास्त उतरतो, लांब ओळीच्या शेवटी श्वास संपतो आणि सगळे मिळून इतक्या प्रेमानं घसरतात की घसरल्याचं कळतही नाही. तुमचा बासवाला, सगळ्यात खालचा आवाज गाणारा मुलगा मात्र पक्का आहे. त्याचा सा धरा आणि सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेऊ नका.

पण तुझा प्रश्न सुराचा नव्हताच. "बाई, आम्ही मिशन करतोय की नुसते कार्यक्रम, हे कसं ओळखायचं?" असं विचारलंस. मला त्याची एकच खूण माहीत आहे. तुम्ही निघून आल्यावर तिथल्या कुणाच्या तोंडात ते गाणं राहिलं का, ते बघ. टाळ्या किती पडल्या, मोबाइलवर किती जणांनी बघितलं, ते नंतर.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. 1988 च्या नाताळात आम्ही आठजण शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, कॅरोलला गेलो होतो. एका वाड्यात बायका अंगणात विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. हजार विड्या झाल्याशिवाय दिवस सुटत नाही, त्यामुळे पाहुणे आले म्हणून कोणी उठत नाही, आणि उठूही नये. आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो आणि चार आवाजांत गायला लागलो. तीन महिने तालीम केली होती. एकीनंही मान वर केली नाही. चौथ्या कडव्यापर्यंत आमचा घाम निघाला, डिसेंबर असून.

तेवढ्यात आमच्यातल्या एकीला ठसका लागला आणि आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गळाला. टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज गाणारा, गोंधळला, त्यानं आपली ओळ सोडून मूळ चाल धरली. मग सगळेच नाइलाजानं एका सुरात ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, म्हणू लागलो. तिसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा कोपऱ्यातल्या एका म्हातारीचा अंगठा पानावर ठेक्यात पडायला लागला. चौथ्यांदा ती गुणगुणली. मराठी शब्द तिला येत नव्हते, नुसती चाल. मग शेजारचीनं धरली. मग तिसरीनं. म्हातारीनं आम्हाला थांबवून तेलुगूत काहीतरी विचारलं. तिची सून म्हणाली, "ती म्हणतेय, आमच्या भाषेत सांगा की, मी म्हणते." आमच्यापैकी एकालाही तेलुगू येत नव्हतं. सगळे जन्मापासून सोलापुरात!

त्या दिवशी आम्ही चहा पिऊन परत आलो. मला रात्रभर झोप नव्हती.

म्हणून तुझी यादी वाचून पहिलं मनात आलं ते हे. मे महिन्यात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातली बारा गावं, रोज एक. त्या पट्ट्यात निम्म्या घरांत कन्नड बोलतात. तुम्ही कन्नड किती कडवी शिकलात? भाषांतर करून कागदावर लिहून नेऊ नका. तिथल्याच एखाद्या आजीसमोर बसा, तिच्याकडून एक कडवं घ्या, ती हसेल तिथे उच्चार सुधारा. ती दुरुस्त करता करता स्वतः गायला लागते. हा माझा अनुभव आहे, हमखास लागू पडतो. आणि बारा गावं एकदा करण्यापेक्षा दोन गावं सहादा करा. मेमधल्या उन्हात दुपारी गळ्यातून सूर निघत नाही, धूळ निघते. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी असते, घरात माणूस सापडत नाही. पावसाळा संपल्यावर जा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. त्या दिवसांत शहर नंदीध्वजांचं असतं, आपण चौकात स्पीकर लावायला जाऊ नये. कायद्यानंही रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंदच असतो. खरं तर सातजणांना स्पीकर हवाच कशाला?

आता शब्दांकडे येते. इथे जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

इंग्रजी चालीवर बसवलेली आपली गीतं लहानपणापासून कानात बसलेली असतात, म्हणून त्यातली ओढाताण ऐकू येत नाही. चाल ज्या जागी दोन मात्रा थांबते तिथे मराठीत ऱ्हस्व अक्षर आलेलं असतं. आम्ही एकदा "देवसुत" असं म्हणत होतो आणि "सु" वर चाल लांबत होती. ते झालं "देवसूऽत". आमच्या टेनरची नोकरी यंत्रमागावर. तालमीत त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाई, सूत कितव्या काउंटचं म्हणायचं?" (काउंट म्हणजे सूत किती बारीक त्याचा आकडा.) दहा मिनिटं तालीम बंद. संडे स्कूलच्या एका मुलानं तर "पिता" इतका लांबवलेला ऐकून "काय पिता?" असं विचारलं होतं. हसण्यावारी नेलं, पण नीट बघ. देवाचा पुत्र ऐकू यायला हवा तिथे या गावात धाग्याचं बंडल ऐकू आलं, तर तुमचे चार आवाज काय कामाचे? तालमीला बसलात की आधी ओळ नुसती बोला, गाऊ नका. जिथे बोलताना अक्षर आखूड, तिथे गातानाही आखूड ठेवा. चालीला मुरड घाला. चाल काही शास्त्रवचन नाही.

आपल्या आधीच्यांना हे कळलं होतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, मृत्यू 1919 चा. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग आणि ओव्यांतून ख्रिस्ताची गाणी लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अहमदनगरला त्याच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात दोन्ही घरांची गीतं शेजारी शेजारी आहेत, विलायती चालीची आणि देशी चालीची. आणि तुम्ही तरुण मंडळी काय करता? देशी चालीची गीतं म्हाताऱ्यांची म्हणून सोडून देता. अगं, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. इथल्या माणसाच्या कानाला आठ मात्रांचा भजनी ठेका आईच्या पोटातून मिळालेला असतो. त्याला "वन, टू, थ्री" कशाला शिकवायचं?

तुला भीती ही की देशी चालीला हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर, बसत नाही. बसते, फक्त पुस्तकातली बसत नाही. भूप रागातली चाल घे. भूपात म आणि नी नाहीत. तुमच्या आल्टोनं इंग्रजी सवयीनं त्यात म घातला की राग गेला. मग कसं करायचं? भूपातलेच पाच सूर घेऊन मधला एक सूर सोडून खालचा घ्यायचा. धच्या खाली ग, पच्या खाली रे, गच्या खाली सा. बासनं सा आणि प एवढेच धरून ठेवायचे, तानपुऱ्यासारखे. आणि हे सगळं फक्त ध्रुपदाला. कडवं एकानंच गावं, शब्द कळू द्यावेत. मी चाळीस वर्षं हे करते आहे, कुणा संगीतकाराला पटो न पटो.

स्वतःच्या घरच्या गाण्याची लाज वाटणं ही काही फक्त आपली गोष्ट नाही. अमेरिकेत नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठ आहे. गुलामगिरीतून मोकळ्या झालेल्यांसाठी 1866 मध्ये सुरू झालेलं. पाच वर्षांत ते पैशाअभावी बंद पडायच्या बेताला आलं. खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थी घेऊन 6 ऑक्टोबर 1871 ला गाऊन पैसे जमवायला निघाले. त्यातले बहुतेक जण जन्मानं गुलाम. कार्यक्रमात सुरुवातीला गात ती गोऱ्यांची सभ्य गाणी. लोक ऐकून घेत, बस. आई-बापांनी गुलामीत गायलेली भक्तिगीतं त्यांना चारचौघांत म्हणायला नको वाटायची. ती दुःखाची होती, घरातली होती. नोव्हेंबरात ओबर्लिन गावी काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, परिषद भरली होती. (आपल्याकडे आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच गोतावळ्यातलं, बरं का.) तिथे त्यांनी त्यातलं एक गीत हळूच सुरू केलं आणि गप्पा मारणारं सभागृह शांत झालं. पुढे 1873 मध्ये ते व्हिक्टोरिया राणीपुढे गायले, आणि त्यांच्या गाण्याच्या पैशातून उभा राहिलेला ज्युबिली हॉल अजून आहे.

या गोष्टीतल्या दोन बाबी सहसा कोणी सांगत नाही. निघाले त्याच आठवड्यात शिकागोला मोठी आग लागली, तेव्हा हातात आलेले जेमतेम 50 डॉलर त्यांनी आगीत सापडलेल्यांसाठी देऊन टाकले. स्वतःच्या तिकिटाची भ्रांत असताना. आणि दुसरी, 1878 मध्ये तो मूळचा संच मोडला, कारण सततच्या दौऱ्यांनी मुलं थकून गेली होती. बारा दिवसांत बारा गावं लिहिताना हे आठव.

दवाखान्याचं विचारलंस. जा, पण माझ्यासारखं जाऊ नकोस. एका दवाखान्यात आम्ही वॉर्डाच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं गायलो. पोटाला ताजे टाके असलेला एक माणूस शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवायला गेला आणि कळवळला. सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते बघणं अजून आठवतं. परवानगी आधी घ्या, दोघंतिघंच जा, खाटेजवळ बसून बोलण्याच्या आवाजात एकच गीत म्हणा आणि तेही त्या माणसाला हवं असेल तरच. बायबलमधल्या शौल राजाला बरं वाटावं म्हणून दावीद एकटाच वीणा वाजवत होता, आठजणांचा वृंद नव्हता. व्हिडिओ काढू नका. आजारी माणसाची प्रार्थनेची विनंती ही तुमच्या पुढच्या कार्यक्रमातली साक्ष, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, नव्हे. बरं वाटेल, नोकरी लागेल, असलं काही कबूल तर चुकूनही करू नका.

तुमच्या आल्टोवाल्या मुलीबद्दल तू दबकत लिहिलं आहेस. ती आपल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, नाही, देवळात जाणारी आहे, सूर चांगला आहे म्हणून मैत्रिणीबरोबर आली, आणि आता काहीजण म्हणतात की तिनं साक्ष द्यावी नाहीतर थांबावं. माझं मत विचारशील तर तिला गाऊ द्या. पाळकसाहेबांना मात्र आधी सांगून ठेवा, त्यांना बाहेरून कळायला नको. तिच्या घरीही सांगा, दोघं जाऊन, चहा पिऊन, ही कुठे जाते आणि काय गाते ते. तिच्याकडून साक्ष मागू नका. एखाद्या गीतातली ओळ तिला म्हणवत नसेल तर त्या ओळीला ती गप्प राहील, बाकीच्यांनी भरून काढायचं. विश्वास हा तिच्या आवाजाचं भाडं म्हणून वसूल करायचा नसतो. हे काहींना आवडणार नाही. त्यांना माझ्याकडे पाठव.

पैशाचं थोडक्यात सांगते. अर्पण मिळेल त्याची वही ठेवा, वही तुझ्याकडे नको, बासवाल्याकडे दे. एसटीनं जा. डबा आपला न्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते. पण कुणी जेवायला बसवलं तर डबा पिशवीतच राहू दे. टी-शर्ट आणि ग्रुपचं चिन्ह यावर सध्या खर्च करू नका. त्या पैशात तीन कन्नड वह्या आणि एक चांगला, सुरुवातीचा सूर देणारा पिचपाइप येईल.

तालमीआधी अर्धा तास प्रार्थना करता हे वाचून बरं वाटलं. तालीम मात्र वीस मिनिटंच होते, हेही तूच लिहिलं आहेस. उलटं करा. बेसूर गाणं प्रार्थनेनं सुरात येत नाही, मी करून बघितलंय.

शनिवारी सहाला घरी ये, सगळ्यांना घेऊन. पेटीचा भाता उद्या दुरुस्तीला देतेय, तो शुक्रवारी मिळेल. भूपातलं ते गीत घेऊ. माझ्या शेजारी एक विणकर आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. तेलुगू कडवं त्या सांगणार आहेत, पण म्हणाल्या, "सात पोरं येणार असतील तर चटया तुमच्या आणा."

तुझी,
बाई