तुर्की पाव आणलाय, सोबत काय करू?

प्रश्न: मेलबर्नला सुपरमार्केटात लांबट, वर तीळ लावलेला तुर्की पाव मिळतो. आम्ही तो बटाट्याच्या भाजीशी खातो. तुर्कस्तानात कशाशी खातात?

उत्तर: हा पिदेचाच, म्हणजे तिकडच्या चपट्या पावाचाच प्रकार. आतून जाळीदार असतो, म्हणून त्याला रस हवा. सुक्या भाजीशी तो कोरडा लागतो. तिकडे रोजच्या जेवणात लाल मसुराचं सूप असतं, मेर्जिमेक चोर्बा. डाळ, कांदा, गाजर एकत्र शिजवून घोटायचं, मग लोणी तापवून त्यात लाल तिखट टाकायचं आणि वरून ओतायचं. म्हणजे आपली वरून दिलेली फोडणीच, पण लोण्याची. तिखट जळायच्या आत गॅस बंद करा. खाताना लिंबू पिळायला विसरू नका.

नाश्त्याला मेनेमेन करा. इझ्मीर प्रांतातल्या मेनेमेन गावाच्या नावाचा हा पदार्थ. हिरवी मिरची तेलात परता, भरपूर टोमॅटो घाला, रस निम्मा आटला की अंडी फोडून घाला आणि दोनतीनदाच हलवा. आपण भुर्जी मोकळी होईपर्यंत परततो, तसं इथे मुळीच नको. अंडं ओलसर असतानाच पॅन उचलून टेबलावर ठेवा. सगळ्यांनी त्यातूनच पावाने टिपून खायचं.

प्रश्न: आम्ही अंडंही खात नाही. पाहुण्यांसाठी काय मांडू? (नाशिक)

उत्तर: आधी बेकरीत विचारा. रमजानच्या पिदेवर चकाकी यावी म्हणून बरेचदा अंड्याचा बलक दह्यात फेटून लावतात. बिनअंड्याचा मिळाला, की काम सोपं आहे.

हायदारी करा, म्हणजे दह्याची तुर्की चटणी. तिला घट्ट दही लागतं आणि चक्का तर आपल्याकडे घरोघरी बांधतात. चक्क्यात ठेचलेली लसूण, वाळवलेला पुदिना, मीठ, ऑलिव्ह तेल घाला आणि तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या. जोडीला मुहम्मरा ही मिरची-अक्रोडाची चटणी ठेवा: भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, अक्रोड, शिळ्या पावाचा चुरा, डाळिंबाचा आटवलेला आंबटगोड रस, जिरं. हे अगदी गुळगुळीत वाटू नका, अक्रोड दाताखाली यायला हवा. पाव गरम करून हाताने तोडूनच ठेवा.

प्रश्न: दुसऱ्या दिवशी पाव चामट होतो. टाकून द्यावा का?

उत्तर: अजिबात नको! तुर्कस्तानात पावाचा तुकडा खाली पडला तरी उचलून ओठांना, मग कपाळाला लावतात आणि कुणाचा पाय लागणार नाही असा उंचावर ठेवतात. शिळ्या पावावर पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवून मंद तव्यावर गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये तो गार होताच आणखी चिवट होतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे बुर्सा शहराच्या इस्केंदर कबाबची रीत. पिदेचे चौकोनी तुकडे लोण्यात परतून ताटलीत पसरायचे. त्यावर मांसाचे पातळ काप, टोमॅटोचा गरम रस, बाजूला दही आणि शेवटी चुरचुरतं लोणी. मांसाऐवजी तव्यावर खरपूस परतलेली वांगी घ्या, मला तीही तितकीच आवडतात. दही मात्र फ्रिजमधून थेट काढलेलं नको, सगळा पदार्थ गार पडतो.

प्रश्न: मुलांसाठी गोड काही? (कोल्हापूर)

उत्तर: तिकडे द्राक्षाचा रस आटवून केलेलं पेकमेझ आणि ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, एकत्र करून पावाला लावतात. तुमच्याकडे काकवी मिळतेच. दोन चमचे काकवीत एक चमचा ताहिनी फेटा आणि पाव गरम असतानाच द्या.