मामांची मोटार भारतात आणता येईल का?

परदेशातील नातेवाइकाची मोटार भारतात आणण्याविषयी या महिन्यात तीन पत्रे आली. पत्रलेखकांची परिस्थिती वेगवेगळी असली तरी प्रश्न एकाच जातीचा असल्यामुळे तिन्हींची उत्तरे येथे एकत्र देत आहे. मुंबई बंदरात क्लिअरिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपल्या माणसाने मायेने पाठवलेली गाडी कागदावाचून अडकून पडते तेव्हा घरच्यांची काय अवस्था होते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून पहिले उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

प्रश्न : माझे मामा गेली बत्तीस वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतात. दृष्टी अधू झाल्यामुळे यंदा त्यांनी मोटार चालवणे सोडले. त्यांची होंडा जॅझ २०२० च्या अखेरीस नवी घेतलेली असून तिच्या नंबरप्लेटवर ७० हा आकडा आहे. गाडी जेमतेम एकवीस हजार मैल चालली आहे. मामांना मूलबाळ नाही आणि ही गाडी मलाच द्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. जहाजाचे भाडेही तेच भरणार आहेत. स्टिअरिंग उजवीकडेच आहे आणि भेट म्हणून आलेल्या गाडीला कर लागत नाही, असे येथील एका एजंटाने मला सांगितले. गाडी सांगलीला आणून तिचे पासिंग करता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मामांची इच्छा मला समजते आणि म्हणूनच हे लिहिताना जड वाटते, पण ही गाडी आणता येणार नाही. वापरलेली मोटार भारतात आणायची असेल तर तिच्या उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, असा परदेश व्यापार महासंचालनालयाचा नियम आहे. इंग्लंडमध्ये दर मार्च आणि सप्टेंबरला नंबरप्लेटवरील आकडा बदलतो. आपण कळवलेला ७० हा आकडा सप्टेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात प्रथम नोंदलेल्या गाड्यांचा आहे. नोंदणी उत्पादनाच्या आधी होऊ शकत नाही, त्यामुळे गाडीची मुदत केव्हाच संपली आहे. येथे अनेकांची एक चूक होते. मामांकडे असलेल्या नोंदणीपत्रात पहिल्या नोंदणीची तारीख ठळक दिसते आणि लोक त्या तारखेपासून तीन वर्षे मोजतात. नियमाला हवी असते ती कारखान्यातून गाडी तयार झाल्याची तारीख, आणि ती नोंदणीच्या कित्येक महिने आधीचीही असू शकते.

आता एजंटाच्या म्हणण्याविषयी. सीमाशुल्क कायद्याने प्रवाशाच्या सामानाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून मोटार स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. परतणाऱ्या माणसाला घरगुती वस्तूंवर मिळणाऱ्या सवलती म्हणूनच मोटारीला लागू होत नाहीत. मामांनी आपल्याकडून एक पैसाही घेतला नाही, याला सीमाशुल्काच्या लेखी काही अर्थ नाही. तेथे गाडीला किंमत असतेच आणि ती ठरवण्याची रीतही ठरलेली आहे. गाडी नवी असतानाची कंपनीची किंमत पायाला धरतात. तिच्यातून दर तिमाहीला पहिल्या वर्षी ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के आणि तिसऱ्या वर्षी अडीच टक्के घसारा वजा करतात, आणि त्यात जहाजाचे भाडे व विमा मिळवतात.

मामांची गाडी तीन वर्षांच्या आतली असती तर काय झाले असते, हे आकड्यांत मांडून दाखवतो, म्हणजे आपल्या मनात चुटपुट राहणार नाही. समजा, नव्या गाडीची किंमत वीस लाख रुपये धरली आणि ती बरोबर दोन वर्षांची आहे. घसारा २८ टक्के, म्हणजे किंमत उरली १४ लाख ४० हजार. भाडे आणि विमा मिळून १ लाख ६० हजार धरले की १६ लाख झाले. वापरलेल्या मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पापासून मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास अधिभार ६७.५ टक्के, असे मिळून १३७.५ टक्के लागतात, म्हणजे २२ लाख रुपये. त्यापूर्वी नावे निराळी होती, बेरीज हीच होती. या ३८ लाखांवर पुन्हा जीएसटी. इंग्लंडमध्ये विकली गेलेली या पिढीची जॅझ दीड लिटर इंजिनाची हायब्रिड असल्यामुळे ती लहान मोटारींच्या १८ टक्क्यांच्या दरात बसत नाही आणि तिला ४० टक्के लागतात. ते झाले १५ लाख २० हजार. फुकट मिळालेल्या गाडीसाठी आपल्या खिशातून ३७ लाखांहून अधिक रुपये केवळ करापोटी गेले असते.

पैशांची तयारी असली तरी तेवढ्याने काम होत नाही. वेगदर्शक किलोमीटरमध्ये हवा आणि दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा. गाडी पुढे किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असल्याची आणि तोवर तिची देखभाल येथे होईल याची हमीही लागते. वापरलेली गाडी केवळ मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते. जहाजावर चढण्यापूर्वी तिकडील मान्य संस्थेचे तपासणीपत्र आणि उतरल्यावर पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातील बुदनीची संस्था या वाहन-चाचणी संस्थांपैकी एकीची चाचणी, असा हा क्रम आहे. त्यात भर म्हणजे मामांच्या पिढीची जॅझ भारतात कधी विकलीच गेली नाही. येथे होती ती आधीच्या पिढीची आणि तिचीही विक्री २०२३ मध्ये थांबली. बंपर फुटला तरी सुटा भाग लेस्टरहूनच मागवावा लागला असता.

एक आठवण सांगतो, कारण एजंटाच्या शब्दावर गाडी जहाजावर चढवण्याचा मोह मला ठाऊक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका शिक्षकांना त्यांच्या परदेशातील धाकट्या भावाने आपली गाडी पाठवली होती. उत्पादनाची तारीख कोणी तपासली नव्हती आणि ज्या दलालाने “सगळे बघून घेतो” म्हटले होते, तो फोन उचलेनासा झाला. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. मागच्या काचेवर भावाच्या मुलीने चिकटवलेला गणपतीचा कागद होता, त्याचा रंग उन्हाने फिका पडत गेला. हे गुरुजी दर महिन्याला एसटीने यायचे, परवानगी काढून आत जायचे, रुमालाने ती काच पुसायचे आणि परत जायचे. दरम्यान डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचे भाडे, रोज वाढत होते. नियमाविरुद्ध आलेला माल जप्त होऊ शकतो आणि तो सोडवायचा म्हटले तर दंड भरावा लागतो किंवा परत पाठवावा लागतो. दोन्हींचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. शेवटी त्यांनी गाडीवरचा हक्क सोडल्याचे लिहून दिले. ते लिहिताना त्यांचा हात थांबला होता, तो मला अजून दिसतो.

तेव्हा माझा सल्ला असा की मामांनी गाडी तेथेच विकावी आणि आपल्याला काही द्यायचेच असेल तर ते पैसे बँकेमार्फत पाठवावेत. आईचा भाऊ हा प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहे, त्यामुळे मामांकडून आलेल्या भेटीवर आपल्याला प्राप्तिकर लागत नाही. (उलट दिशेने मात्र हे चालत नाही. भाच्याने मामांना दिलेली पन्नास हजारांवरील रोख भेट मामांच्या उत्पन्नात धरली जाते, कारण त्या व्याख्येत भाचा बसत नाही.) मामांनी भेटीची दोन ओळींची चिठ्ठी सही करून पाठवावी आणि आपण ती बँकेच्या कागदांसोबत ठेवावी. त्या पैशातून येथे घेतलेली गाडी ही मामांचीच भेट असेल. ही गोष्ट त्यांना समजावून सांगण्याचे काम फोनवर न करता शक्य असल्यास प्रत्यक्ष भेटीत करावे. ज्या गाडीने त्यांना शेवटपर्यंत स्वतंत्र ठेवले, ती परक्याच्या हाती देणे त्यांना सोपे जाणार नाही.

प्रश्न : माझे यजमान अठरा वर्षे मस्कतला नोकरीला होते आणि आता कायमचे परत येत आहेत. त्यांच्या मोठ्या भावांनी, म्हणजे माझ्या भाऊजींनी, गेल्या वर्षी तेथे घेतलेली नवी गाडी यांना देऊ केली आहे. गाडी एकच वर्षाची आहे, त्यामुळे अडचण नसावी, असे वाटते. कळवावे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वयाची अडचण नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. अडचण स्टिअरिंगची आहे. ओमान, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, बहरीन आणि सौदी अरेबिया या सर्व देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि तेथील गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. भारतात आणण्याच्या मोटारीचे स्टिअरिंग उजवीकडेच हवे. आखातात आयुष्य काढलेल्या आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबांनी हा प्रश्न मला विचारला आहे आणि प्रत्येक वेळी हेच उत्तर द्यावे लागले आहे.

स्टिअरिंग उजवीकडे बसवून देतो, असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. त्यासाठी डॅशबोर्ड, पेडल, ब्रेकची जोडणी, वायपर, दिवे, सारेच हलवावे लागते, आणि गाडी पुन्हा पूर्वीइतकी सुरक्षित आहे याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. कायमचे परत येणाऱ्या माणसाला मिळणाऱ्या सामानाच्या सवलतीत मोटार धरली जात नाही, हे वर लिहिलेच आहे. भाऊजींना ती गाडी मस्कतमध्येच ठेवू द्यावी, हे उत्तम.

प्रश्न : माझे आजोबा नैरोबीला रेल्वेत होते. त्यांनी १९६३ मध्ये घेतलेली मॉरिस मायनर माझ्या काकांनी तेथे अजून चालती ठेवली आहे. काकांचे वय ८१ आहे आणि गाडी पुण्याला आमच्या घरी यावी, असे त्यांना फार वाटते. तीन वर्षांचा नियम मला ठाऊक असल्यामुळे आशा सोडली आहे, तरी विचारतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आशा सोडू नका. तिन्ही पत्रांत एवढ्याच गाडीला वाट मोकळी आहे. पूर्वी १ जानेवारी १९५० च्या आधी तयार झालेल्या गाड्याच व्हिंटेज म्हणून आणता येत असत आणि आजोबांची मॉरिस तेरा वर्षांनी बाहेर राहिली असती. २०२५ मध्ये ती अट बदलली आणि आता पन्नास वर्षांहून जुनी गाडी आणता येते. केनियात वाहतूक डाव्या बाजूने चालते, त्यामुळे स्टिअरिंगचाही प्रश्न नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच मनाशी ठरवा. शुल्क माफ नाही, तेव्हा मूल्यांकनाचा अंदाज मुंबईतील परवानाधारक दलालाकडून लेखी घ्या. आणि अशी गाडी भारतात पुढे विकता येत नाही. घरात ठेवण्यासाठीच आणत असाल तर ही अट आपल्याला जाचणार नाही.

नोंदणीसाठी २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत. शुल्क २० हजार रुपये असून क्रमांकात एमएचनंतर व्हीए ही अक्षरे येतात. गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शने, व्हिंटेज गाड्यांच्या फेऱ्या, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. मूळ स्वरूप म्हणताना काकांना एक आवर्जून विचारा : इतक्या वर्षांत इंजिन किंवा चासी (गाडीचा सांगाडा) बदलली आहे का? जुन्या गाड्यांत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेले पुष्कळदा आढळते. चासी नंबरवर पातळ कागद ठेवून, पेन्सिल आडवी घासून त्याची छाप घ्यावी आणि ती नोंदणीच्या जुन्या पुस्तकातील आकड्यांशी एकेक अंक लावून पाहावी. आपल्या आरटीओतही हेच करतात. आजोबांच्या नावाचे पुस्तक, ते काकांच्या नावावर झाल्याचे कागद आणि काकांनी आपल्याला गाडी दिल्याचे पत्र हे तिन्ही काकांच्या हयातीत, त्यांच्या सहीने तयार करून घ्या. ती छाप आणि या कागदांच्या प्रती मला पाठवल्यास पुढच्या टप्प्याविषयी आपल्याला पत्राने कळवीन.