बार्बीचे कपडे बारा इंची ॲक्शन फिगरला, म्हणजे सांधे हलवता येणाऱ्या सैनिक-नायकांच्या बाहुलीला, बसतात का, आणि स्त्रियांच्या फिगरची कंबर एवढी बारीक का ठेवतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. झगे आणि स्कर्ट कधीकधी बसतात, पाठीमागे बंद होणारे ब्लाउज बहुधा बसत नाहीत, आणि नेहमीच्या बार्बीचे पाऊल टाच उचललेले असल्यामुळे सपाट पायाच्या फिगरला तिची पादत्राणे चालत नाहीत. दोन्ही एक षष्ठांश मापाच्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्श्याच्या, म्हणवल्या जातात, पण त्या मापाचा अर्थ फक्त उंचीपुरता घेतला जातो आणि घेर ज्याचा त्याने ठरवलेला असतो. खुद्द बार्बीतही 2016 साली उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशी तीन नवी शरीरे आल्यापासून एकीचे कपडे दुसरीला होतीलच असे नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मला सहज सोडून देता येत नाही. मी साताऱ्यात बावीस वर्षे ब्लाउज आणि शिवलेल्या नऊवारी शिवते. दिवाळीत आमच्याकडे मुले मातीचे किल्ले करतात. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने विचारले, "मावशी, किल्ल्यावर सगळे मावळेच का? बायका फक्त दळण दळायला आणि पाणी आणायलाच का?" अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलीचा हा प्रश्न मला लागला. राजाराम महाराजांच्या निधनानंतर 1700 पासून 1707 पर्यंत औरंगजेबाच्या फौजांशी लढा चालवणाऱ्या ताराबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. मी त्यांची बाहुली करायची ठरवली, आणि ती नऊवारी नेसलेली, घोड्यावर बसू शकेल अशी, एक षष्ठांश मापाची.

पाच फूट दोन इंच उंचीची बाई या मापात सव्वादहा इंचांहून किंचित जास्त भरते. तीस इंची कंबर पाच इंचांची होते. नऊ वार लुगडे दीड वार होते आणि त्याची रुंदी साडेसात-आठ इंच. मी तारेचा सांगाडा करून त्यावर कापूस आणि कापड गुंडाळून ठीक या मापाचे शरीर केले आणि साध्या सुती कापडाचे लुगडे नेसवले. निऱ्या, ओचा आणि काष्टा खोचून झाल्यावर टेप लावली, तर पाच इंचांची कंबर सहा इंच झाली होती, म्हणजे खऱ्या मापात छत्तीस. कारण उघड आहे: शरीर सहा पटींनी लहान केले तरी सूत लहान होत नाही. पाव मिलिमीटर जाडीचे कापड त्या बाहुलीच्या अंगावर दीड मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ सतरंजीचे होते. पाच मिलिमीटरचे टिचबटण तिच्या पाठीवर तीन सेंटिमीटरची चकती दिसते. खणाच्या चोळीचा माझा हट्टही असाच सुटला, कारण खणाची एकच बुट्टी तिच्या अर्ध्या छातीवर पसरत होती. शेवटी खणाच्या काठालगतची बारीक नक्षी तेवढी कापून घेतली आणि ती बाह्यांना लावली.

त्यानंतर मी शिवलेल्या नऊवारीची युक्ती वापरली. मलमल धुऊन खळ काढून टाकली, निऱ्या वेगळ्या दुमडून त्यांना वरून एकाच पदराची पट्टी लावली, ओच्याचा आतला भाग कापून टाकला आणि ओली असतानाच निऱ्या दोऱ्याने बांधून वाळवल्या, म्हणजे त्या फुलून उभ्या न राहता खाली पडतात. कंबर सव्वापाच इंचांवर आली. खऱ्या मापात साडेएकतीस. नऊवारी नेसलेल्या बाईची तेवढी होतेच.

ही बाहुली मी इथल्या एका प्रदर्शनात ठेवली. परीक्षक चित्रकलेचे जाणकार होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले की काम सुबक आहे, पण बाहुली जाड आहे, वीरांगना वाटत नाही. आणि वर शिकवले की परदेशात कपड्यांची जाडी धरून कंबर मुद्दाम बारीक करतात, ते मी शिकून घ्यावे. मी तेव्हा गप्प बसले. घरी येऊन मात्र हिशोब मांडला.

बार्बीच्या बाजूने हा खुलासा नेहमी दिला जातो आणि तो अर्धा खरा आहे. माझ्याकडच्या जुन्या बार्बीची कंबर सव्वातीन इंच भरली. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे खऱ्या मापात पाच फूट नऊ इंच उंचीच्या बाईला साडेएकोणीस इंचांची कंबर. आता कमरेवर कापडाचे चार थर धरा, प्रत्येक 0.3 मिलिमीटरचा. एकूण 1.2 मिलिमीटर जाडीने घेर साडेसात मिलिमीटर वाढतो, तो खऱ्या मापात दोन इंचही नाही. नऊवारीसारखे थरावर थर असलेले वस्त्रदेखील माझ्या पहिल्या, ढोबळ प्रयत्नात सहाच इंच वाढले होते. म्हणजे कापडाचा सगळा दोष मान्य केला तरी तीस इंचांची कंबर चोवीसच्या खाली नेण्याचे कारण कापडात नाही. उरलेले इंच बाई कशी दिसावी या समजुतीने कापलेले आहेत आणि दोष मात्र शिंप्यावर टाकलेला आहे.

अंगातच कपडा घडवलेल्या ॲक्शन फिगरना तर ही सबब मुळीच लागू नाही. 1964 चा जी. आय. जो हा अमेरिकन सैनिक-बाहुला बारा इंची होता आणि त्याचे कपडे कापडाचे होते. 1967 मध्ये त्याच मालिकेत परिचारिका आली. पण 1982 साली त्याच नावाच्या पावणेचार इंची फिगर आल्या तेव्हा गणवेश प्लॅस्टिकमध्येच घडवलेले होते, आणि त्या पहिल्या संचात स्कार्लेट ही एकटीच स्त्री होती. जिथे कपडा अंगातच घडवलेला आहे, तिथे कापडाच्या जाडीसाठी कंबर आत घेण्याचे काहीच कारण उरत नाही. पुरुषांच्या फिगरवर जाड कोट चढवायचा असतो तेव्हा कोणी त्यांची छाती कापत नाही.

एवढे मात्र मान्य करते की कमरेला फिरता सांधा असलेल्या शरीरात मूर्तिकाराला थोडी जागा सोडावी लागते, आणि सगळ्याच कंपन्यांची शरीरे सारखी नसतात. सांधे झाकणारी, मऊ आवरणाची, पोलादी सांगाड्याची शरीरेही मिळतात आणि त्यांतली काही बरीच प्रमाणबद्ध असतात. माझी बाहुली तारेची होती, त्यामुळे प्लॅस्टिकच्या सांध्यांचा मला अनुभव थोडा आहे.

तुम्ही कपडे मागवण्यापूर्वी फिगरची छाती, कंबर, नितंब आणि खांद्यांची रुंदी दोऱ्याने मोजा, दोरा पट्टीवर ठेवून वाचा, आणि प्रत्येक आकड्याला सहाने गुणून बघा. कंबर वीस इंचांच्या आसपास निघाली, तर बार्बीचा स्कर्ट तिला होईल. सव्वीसच्या वर निघाली, तर तयार कपड्यांच्या नादी लागू नका; मलमल किंवा जुना झिजलेला रुबिया घ्या, पट्टीला अस्तर लावू नका आणि टिचबटणाऐवजी बारीक हूक लावा. माझी ताराबाई दुकानात शिलाई यंत्राशेजारच्या कपाटात आहे, आणि तिची कंबर मी त्यानंतर कमी केलेली नाही.